आत्याबाई, तुमचा खरा उपास

आत्याबाई,

तुमच्या स्मरणाच्या प्रार्थनेला सगळे आले होते. औंढ्याची मंडळी आली, हिंगोलीहून पाळकसाहेब आले, तांड्यावरची माणसं आली. नागनाथाच्या देवळापुढचा बेल-फुलांचा दुकानदारसुद्धा चप्पल काढून मागं उभा राहिला होता. एकेकानं उठून तुमच्याबद्दल चांगलं सांगितलं. मार्थाबाईंनी नवऱ्यामागं अंगाला सोनं लावलं नाही. मार्थाबाईंनी चहा सोडला, साखर सोडली. मार्थाबाई जन्मभर सतरंजीवर झोपल्या. पाळकसाहेब म्हणाले, स्वतःला नाकारणं म्हणजे काय, ते या बाईकडं बघून शिकावं.

मी पुढच्या ओळीत बसून ऐकत होते आणि मला राग येत होता. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण जे ते सांगत होते ते सोडताना तुम्हाला फारसं लागलंच नव्हतं, हे मला माहीत होतं. आणि जे सोडताना तुमचा जीव तुटला, ते त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मला म्हणाले, सूनबाईंनी दोन शब्द बोलावेत. मी उठले, तुमचं आवडतं गीत धरलं आणि खाली बसले. दोन शब्दांत बसणारं ते नव्हतं. म्हणून आता घरी बसून तुमच्याशीच बोलते आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा औंढा परभणी जिल्ह्यात होतं. नांदेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली मी. येताना काचेच्या बांगड्या, पावडरचा डबा आणि एक टेपरेकॉर्डर घेऊन आले. तुम्ही दारात उभ्या होतात, पांढऱ्या सुती लुगड्यात, हात मोकळे, गळा मोकळा. टेपरेकॉर्डरकडं बोट करून विचारलंत, "हे काय गं शीला?"

"गाणी ऐकायचं आहे, आत्याबाई."

"ऐक की मग. मला न्हाई समजत त्यातलं."

बस, एवढंच. बांगड्या काढ म्हणाला नाहीत, गजरा घालू नको म्हणाला नाहीत. माहेरी मला भीती घातली होती की सासू मिशनची सेविका आहे, कडक असेल. तुम्ही कडक नव्हतात. तुम्ही सकाळी झोळीत गीतांचं पुस्तक टाकून निघायच्या, कुणाच्या घरी आजारी माणूस असेल तिथं बसून प्रार्थना करायच्या, बाळंतिणीला शेकायला मदत करायच्या आणि उन्हं उतरली की परत. मला कधी काही शिकवलं नाहीत. पण घरात तुमच्या त्यागाचा एक वास होता, धुतलेल्या कोऱ्या कापडासारखा, आणि त्यात माझी पावडर मलाच जास्त वाटायची.

एकदा ज्वारी निवडताना मी धीर करून विचारलं की हे सगळं तुम्ही का सोडलंत. तुम्ही खडा उचलून बाजूला ठेवलात आणि सांगितलंत, "विलासचे वडील अचानक गेले. सकाळी दवाखान्यात कामाला गेलेला माणूस संध्याकाळी उचलून आणला. तवा म्या ठरवलं, देवानं घ्यायच्या आधी आपुनच देऊन टाकावं. म्हंजे तुटायची तकलीफ कमी होते."

मला तेव्हा ते फार मोठं वाटलं. मी घरी आईला तसंच सांगितलंही. ते भ्यालेल्या बाईचं बोलणं होतं, हे कळायला मला पुष्कळ वर्षं गेली. ज्या बाईला एकदा फार जोरात चटका बसला, ती पुढं हात लावायच्या आधीच मागं घेत होती. गंमत म्हणजे तुमच्या मुलाचं, माझ्या नवऱ्याचं, नाव विलास. ते तुमच्या नवऱ्यानं ठेवलेलं. तुम्ही ठेवलं असतं तर काही वेगळंच झालं असतं.

महाशिवरात्रीला सगळं औंढं उपाशी असायचं. नागनाथाच्या दर्शनाची रांग पार रस्त्यावर यायची, घराघरांत भगर शिजायची. त्याच सुमाराला आपला चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू व्हायचा. शेजारच्या रुक्मिणकाकू शेळ्या बांधता बांधता तुम्हाला विचारायच्या, "बाई, आमचा उपास एका दिसात सुटते. तुमचा काहून येवढा लांबते?"

तुम्ही म्हणायच्या, "आमचं मन लई पळतं काकू. बांधायला दिवस लागते."

माझ्या पहिल्याच उपवासकाळात विलासचा वाढदिवस आला. मी हौसेनं शिरा केला. तुम्ही भाकरी आणि मीठ-मिरची घेऊन भिंतीकडं तोंड करून जेवायला बसलात. विलासनं दोन घास खाल्ले आणि ताटली सारली. मला रडू आलं. मी म्हणाले, "आत्याबाई, तुमच्यापुढं शिरा खाताना चोरी केल्यासारखं होतंय."

"म्या कुठं बघून राहिले तुमच्याकडं?"

"बघत नाही, तेच तर दिसतं ना."

तुम्ही घास हातात धरून थांबलात. विलास घाबरून माझ्याकडं बघायला लागला. पण तुम्ही रागावला नाहीत, विचारात पडलात. दुसऱ्या दिवशीपासून तुम्ही आमच्या आधी जेवून घ्यायला लागलात. मला वाटलं, हे काही उत्तर नव्हे. आपला वाद तिथून सुरू झाला आणि मी खरं सांगते, मला तो आवडायला लागला. नांदेडला माझ्याशी इतकं मनावर घेऊन कुणी भांडलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या का त्याच्याही पुढच्या वर्षी, उपवासकाळातच, तुम्ही मला तांड्यावर घेऊन गेलात. धुरपदाबाईच्या नातवाला ताप होता आणि तिनं निरोप पाठवला होता. ऊन चढलेलं होतं. तुम्ही पोराच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मी कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. तेवढ्यात धुरपदाबाईनं कुणाला तरी दुकानावर पिटाळून साखर-पत्ती आणवली, शेळीचं दूध काढलं आणि चहा केला. घरातल्या दोन चांगल्या कपबश्या निघाल्या. एक माझ्यापुढं, एक तुमच्यापुढं.

तुम्ही हात जोडलेत. "माय, मला उपास हाय. शीला पिऊन घेईल."

धुरपदाबाईनं कप उचलला. चेहरा काही बदलला नाही तिचा. सहज बोलावं तसं म्हणाली, "व्हय. गावातले वरच्या आळीचे बी इथं आले की त्यांना उपासच ऱ्हाते."

आम्ही निघालो. तुम्ही पुढं, मी मागं. पळसाच्या झाडांपर्यंत तुम्ही मान खाली घालून चालत होतात. मला माहीत होतं तुमच्या मनात काय चाललं असेल, कारण तुम्हीच सांगितलं होतं की लहानपणी दुसऱ्याच्या ओसरीखाली उभं राहून, वरून ओतलेलं पाणी तुम्ही ओंजळीनं प्यायला आहात. अचानक तुम्ही वळलात आणि आल्या वाटेनं झपाझप चालायला लागलात. मला धावावं लागलं.

धुरपदाबाई चुलीपाशीच बसलेली होती. तुम्ही तिच्यासमोर जमिनीवर बसलात. "च्या हाय का अजून?"

"निवला बाई."

"तसाच दे. आन् तू बी घे माझ्यासंगं."

तुम्ही तो गार, साय धरलेला चहा बशीत ओतून पूर्ण प्यायलात. धुरपदाबाई तुमच्याकडं बघत होती आणि मग तिनं पदरानं डोळे पुसले. परत येताना तुम्ही मला म्हणालात, "शीला, माझा उपास आज मोडला का आज सुरू झाला, मला समजून न्हाई राहिलं."

स्मरणाच्या प्रार्थनेत धुरपदाबाई आली होती, आत्याबाई. काठी टेकत आली होती. तुम्ही चहा सोडला होता हे पाळकसाहेब सांगत होते तेव्हा ती माझ्याकडं बघून हसली. त्या हसण्यावर मी तो सगळा कार्यक्रम काढला.

त्या दिवसानंतर तुम्ही बाहेर पुढ्यात येईल ते खायला लागलात. उपास ठेवायच्या तो कुणाला न कळता. कधी संध्याकाळी एक वेळचं जेवण टाळायच्या आणि विचारलं तर म्हणायच्या, पोट जड आहे. मला वाटलं, आता आपला वाद संपला. बाई बदलली. पण ती नुसती सुरुवात होती, कारण मग रूथ झाली.

रूथ झाली आणि तुमचं सगळं ठरवलेलं कोलमडलं. तिला पहिल्यांदा हातात घेतलंत ते खाली ठेवायला तयारच होईनात. मग तुमच्या सतरंजीवर तिची गोधडी आली. ती तुमच्या लुगड्याचा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. चालायला लागल्यावर तुमच्याबरोबर घरोघर जायची. तुम्ही आजाऱ्याशी बोलत असताना ती मधेच "आमेन" म्हणून टाकायची, म्हणजे घरी लवकर जाता येईल. अर्धी चोखलेली लिमलेटची गोळी काढून ती तुमच्या तोंडात घालायची आणि तुम्ही ती खायच्या, उपवासकाळ असो की नसो. मी चुलीपाशी बसून ते बघायची आणि हसायची. तुम्ही म्हणायच्या, "हसती काय? लेकराचं मन मोडू काय?"

हिंगोली जिल्हा झाला त्याच्या आसपासची गोष्ट. विलासचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान चालेना. पुण्याकडच्या एका कारखान्यात ओळखीनं काम मिळत होतं. तुम्ही हो म्हणालात आणि नाहीही म्हणालात. म्हणजे तोंडानं म्हणायच्या, प्रभूची इच्छा. आणि जेवताना म्हणायच्या, पुण्याचं पाणी बाधतं म्हणे. एकदा मी बोलून गेले, "आत्याबाई, चहा सुटला, साखर सुटली, पोरगं मात्र सुटंना." तुम्ही त्या दिवशी माझ्याशी बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना म्हणालात, "तू बोलली ते बराबर हाय. जाऊ दे त्याला. तू बी जाय."

मग विलासनंच ती गोष्ट काढली. जेवता जेवता म्हणाला, "आई, तिथं एकच खोली हाय. शीलाला बी शिलाईच्या कारखान्यात काम लागतंय. रूथला सध्या तुझ्यापाशीच ठेवू. बस्तान बसलं की नेऊ."

तुमच्या हातातला घास थांबला. मी तुमच्याकडं बघत होते. नवऱ्यामागं इतकी वर्षं कुणाकडं काही न मागितलेल्या बाईच्या चेहऱ्यावर इतका उघडा आनंद मी कधी बघितला नव्हता. तुम्ही लगेच खाली बघितलंत. "बघा, तुम्हाला कसं जमते ते," म्हणालात.

विलास वावगं काही बोलला नव्हता. आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत लेकरं अशीच आजीपाशी राहिली. मीही मान डोलावली. पुढचे काही दिवस तुम्ही घरात जणू तरंगत होतात. रूथची पाटी धुऊन वाळत घातलीत, बालवाडीच्या बाईंशी बोलून आलात. तिच्यासाठी खोक्यात चिंचोके, जुनी चिंध्यांची बाहुली, असं काय काय भरून ठेवलंत. मी पुण्याचं सामान बांधत होते.

रविवारी चर्चहून आल्यावर, डोक्यावरचा पदर काढायच्या आधीच तुम्ही म्हणालात, "विलास, पोरीला संगं घेऊन जा."

"काहून? ठरलं होतं ना?"

"मला गुडघ्यानं होत न्हाई. पोरीमागं कोण धावंल? लेकरू आईपाशीच पाहिजे."

विलास चिडला. आईला जबाबदारी नको आहे, असं त्याला वाटलं, आणि तसं तो बोललाही. रूथ दारात उभी राहून ऐकत होती. तुम्ही ताटं मांडायला घेतलीत.

दुपारी आपण दोघी नळावर भांडी घासत होतो. मी विचारलं, "गुडघ्याचं खोटं आहे ना?"

तुम्ही तव्यावर राखेची मूठ टाकलीत. मग म्हणालात, "चार दिसापासून तू पोरीची वेणी हळू हळू घालून राहिली. एकदा घालती, सोडती, परत घालती. म्या बघितलं." आणि माझ्याकडं न बघता, "चर्चमधी बसले तर देवाचं नाव तोंडात येईना. पोरीचंच येई. शीला, मला ती पाहिजे. लई पाहिजे. पण ती तुझी हाय."

तुमचे हात राखेनं काळे झालेले होते, नाहीतर मी ते धरले असते. असं आज म्हणते. खरं तर मी तसेही धरू शकले असते. आपल्यात ती सवय नव्हती.

आत्याबाई, मी ज्याला तुमचा खरा उपास म्हणते, तो हा. चहा आणि साखर तुम्ही भीतीपोटी सोडली होती. इथं भीती नव्हती. हवी असलेली गोष्ट आपण होऊन तुमच्या पुढ्यात आली होती, कुणी नावं ठेवणार नव्हतं, देवसुद्धा रागावला नसता. तरी तुम्ही हात मागं घेतलात, आणि वर गुडघ्याची सबब सांगून स्वतःकडं वाईटपणा घेतलात. त्याला मंडळीत कुणी त्याग म्हटलं नाही. म्हणायला कुणाला कळलंच नव्हतं.

बस सुटली तेव्हा रूथ खिडकीतून ओरडत होती. तुम्ही एकदा हात वर केलात आणि पाठ वळवून चालायला लागलात. मला त्या वेळी ते लागलं. पुढं दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा रुक्मिणकाकूंनी सांगितलं, "तुमी गेल्यावर बाईनं चूल पेटवली न्हाई. दुसऱ्या दिशी बी न्हाई. आमी म्हणलो, असंल काही उपास त्यांचा."

पुण्यात आमचं बरं झालं. रूथ शाळेत जायला लागली, चांगली शिकली. आठवड्यातून एकदा एसटीडी बूथवरून तुम्हाला शेजारच्या फोनवर बोलवून घ्यायचो. तुम्ही मोठ्यानं बोलायच्या, पुण्यापर्यंत आवाज पोचायचा आहे म्हणून. पण रूथच्या मनात तुमचं ते 'पोरीमागं कोण धावंल' राहून गेलं होतं. थोडी मोठी झाल्यावर तिनं मला विचारलं, "मम्मी, आजीला मी जड झाले होते ना?" औंढ्याला आली की तुमच्याशी गोड बोलायची, पण पाहुणीसारखी. तुम्हाला ते दिसत होतं. मला तुमचं दुखणं कळत होतं.

मी म्हणाले, "तिला खरं सांगते."

"सांगू नको."

"का? लेकराला कळू द्या की ते कुणाला तरी पाहिजे होतं."

"तिला उपकार वाटंल. दिलेलं बोलून दाखवलं की परत मागून घेतल्यावानी होते. ऱ्हाऊ दे."

दर सुट्टीत आपण यावर भांडलो. नळावर, अंगणात, एकदा तर वसमतच्या जीपमध्ये, दाटीवाटीनं बसलेल्या माणसांत, हळू आवाजात. तुम्ही तुमचं सोडलं नाही, मी माझं सोडलं नाही. शेवटी मी म्हणाले, तुमचा हासुद्धा एक हट्टच आहे. तुम्ही म्हणालात, "असंल. देवाला ते बी दाखवीन."

मग लकवा आला. उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. पुण्याला यायला तुम्ही मानेनंच नाही म्हणालात, म्हणून मीच काम सोडून औंढ्याला आले. पहिल्यांदा मी तुम्हाला अंघोळ घालत होते तेव्हा तुम्ही डोळे घट्ट मिटून घेतले होते. कुणाला पाण्याचा तांब्याही न मागणाऱ्या बाईला घास भरवून घ्यावा लागत होता. गादी आणली तर डाव्या हातानं ढकलून दिलीत. मी दटावलं, "झोपा गुमान." मग झोपलात. काही दिवसांनी मी तुमचे पाय चोळत होते तेव्हा तुम्ही जड जिभेनं, एकेक शब्द गोळा करून म्हणालात, "आता... घ्यायला... शिकून राहिले."

ते महिने मला आठवले की रडू येण्याआधी बरं वाटतं. दुपारी मी तुमच्या उशाशी बसून गीत म्हणायची आणि तुम्ही अर्ध्या ओठानं साथ द्यायच्या. कधी मी माझा जुना टेपरेकॉर्डर लावायची. तो अजून चालत होता. सिनेमाची गाणी ऐकताना तुमचा डावा हात गादीवर ठेका धरायचा. मला नाही समजत त्यातलं, असं तेव्हा म्हणाला होतात. समजत होतं की तुम्हाला.

जायच्या आदल्या आठवड्यात मी पुन्हा विचारलं. रूथला सांगू का? तुम्ही नको अशी मान हलवलीत. मी म्हणाले, आपण यावर नंतर बोलू. नंतर बोलणं झालं नाही. सकाळी तुम्हाला उठवायला गेले तेव्हा तुम्ही गेलेल्या होतात, तोंडावर काही त्रास नव्हता.

रूथ मातीला आली आणि परीक्षा संपवून पुन्हा आली. कॉलेजात जाईल आता. उंच झाली आहे, तुमच्यासारखी ताठ चालते. काल दुपारी ती अंगणात केस वाळवत बसली होती. मला म्हणाली, "सगळे म्हणतात आजीनं सगळं सोडलं. मलापण सोडलंच ना?" रागानं बोलली नाही. सवयीनं बोलली. त्या सवयीचंच मला भ्याव वाटलं.

मी तिच्यामागं बसले आणि सगळं सांगितलं. जेवणाच्या वेळचा तुमचा चेहरा, धुतलेली पाटी, बालवाडी, नळावरचं बोलणं, न पेटलेली चूल. ती माझ्याकडं पाठ करून ऐकत होती. मधे एकदा तिचे खांदे हलले. मग तिनं विचारलं, "म्हणजे आजीला मी पाहिजे होते?"

"सगळ्यात जास्त," मी म्हणाले.

ती उठली, घरात गेली आणि तुमच्या गादीवर आडवी झाली. संध्याकाळपर्यंत झोपली. इतक्या गाढ झोपलेली मी तिला पुण्यात कधी बघितली नाही.

आत्याबाई, तुम्ही नको म्हणाला होतात आणि मी ऐकलं नाही. पोरीला ओझं झालेलं नाही, एवढं मी डोळ्यांनी बघितलं आहे. तरी तुम्हाला पटलं नसेल तर मनात ठेवा. प्रभूच्या घरी मी येईन तेव्हा दोघी निवांत बसू, आणि तुम्ही आधी बोला.

तुमची शीला